छऱ्याच्या पिस्तुलाची कुळकथा

शेगावच्या प्रकटदिनाची गर्दी असो की नांदुऱ्याच्या आसपासची एखादी गावजत्रा, आकाशपाळण्याच्या शेजारी फुग्यांची फळी लागलेली असतेच. मोजून दिलेले छरे, रांगेत टांगलेले फुगे आणि बंदुकीची माशी मुद्दाम वाकवून ठेवलेली असते असा हरणाऱ्या प्रत्येकाचा ठाम आरोप. ही बंदूक मधोमध मोडते. मोडताना आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की दट्ट्या सुटतो आणि हवेचा झोत छऱ्याला ढकलतो. दारू नाही, धूर नाही. तिच्या अंगावर बहुधा क्रमांक नसतो, आणि कारखान्याचं नाव असलंच तर हाताळून पुसट झालेलं असतं. ती कुठं आणि कधी बनली हे फुगेवाल्याला माहीत नसतं, त्याचं त्यावाचून अडतही नाही.

याच कुळातलं धाकटं भावंड म्हणजे हवेचं पिस्तूल. जगात त्याचे संग्राहक आहेत आणि त्यांचं मात्र नेमकं यावाचूनच अडतं. दोन पिस्तुलं शेजारी ठेवून ही माणसं तास-तास बोलतात. मुठीला लाकूड आहे की व्हल्कनाइट नावाचं कडक रबर, नळी धरून ठेवणारा खटका कोणत्या घडणीचा, बाजूला कोरलेल्या पत्त्यात काय लिहिलंय. लांबून पाहणाऱ्याला हा रिकामटेकडेपणा वाटतो. मलाही बरेच दिवस वाटत असे. पण यातला प्रत्येक फरक कुठल्या ना कुठल्या कायद्याचा, युद्धाचा नाही तर कारखान्याच्या तंगीचा मागमूस असतो, आणि तो वाचता आला की लोखंडाच्या सव्वा वीत तुकड्यातून अर्ध्या शतकाचा इतिहास निघतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. हे ‘प्रकार’ बहुतेक वेळा कारखान्यानं पाडलेले नसतात. कारखाना पिस्तुलं विकत होता. प्रकार पाडले ते पन्नास वर्षांनंतर त्याच्याकडं पाहणाऱ्यांनी.

या गोष्टीचं मूळ गाव इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. वऱ्हाडाला ते वाटतं तितकं परकं नाही. १८५३ च्या तहानं निजामाचा वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेला. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना इथल्या कापसाची आठवण झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळकडून निघालेला फाटा मलकापूर, नांदुरा, अकोला करत १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं खामगावचा रेल्वेफाटा आणि कापसाचा बाजार उघडला. गाठी मुंबईकडं गेल्या, आणि उलट्या दिशेनं येणाऱ्या डब्यांतून निब, बटणं, पितळी सामान असा बर्मिंगहॅमचा माल गावोगावी उतरू लागला. बंदुकाही त्याच शहरात बनत. वेब्ले हे त्यातलं मोठं घराणं. १८९७ साली वेब्ले, स्कॉट आणि रिचर्ड एलिस या तीन पेढ्या एकत्र आल्या. ब्रिटिश फौजेच्या अधिकाऱ्याच्या कमरेला लटकणारं रिव्हॉल्व्हर बहुतकरून त्यांच्याच वीमन स्ट्रीटवरच्या कारखान्यातलं असे.

पहिलं महायुद्ध संपलं आणि फौजेच्या मागण्या आटल्या. त्यात १९२० साली ब्रिटननं नवा शस्त्रकायदा केला. युद्धावरून परतलेल्या, बेकार आणि चिडलेल्या माणसांच्या हातात पिस्तूल नको, ही त्यामागची भीती. रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर पोलिसांचा दाखला लागू लागला. हवेची साधी हत्यारं मात्र या दाखल्यातून सुटली होती, आणि ही फट वेब्लेच्या लोकांनी बरोबर हेरली. कल्पना घरात होतीच. विल्यम व्हाइटिंग या त्यांच्याच माणसानं १९१० च्या सुमारास हवेच्या पिस्तुलाचा एक आराखडा केला होता, पण तो बाजारात आला नाही. वेस्टली रिचर्ड्‌स या शेजारच्या पेढीनं ‘हायेस्ट पॉसिबल’ नावाचं पिस्तूल काढून पाहिलं होतं. लांबच लांब, बेढब. हवेच्या पिस्तुलाची अडचणच तिथं होती. दट्ट्याला पळायला जागा हवी आणि छऱ्याला नळी हवी. दोन्ही एकामागं एक लावली तर पिस्तुलाची बंदूक होते.

डग्लस जॉनस्टन आणि जॉन फर्न या दोघांनी ही गाठ सोडवली. त्यांनी नळी दट्ट्याच्या नळकांड्यावर, वरच्या मजल्यावर ठेवली आणि तिचं बिजागर पुढच्या टोकाला लावलं. मागचा खटका दाबून नळी वर उचलायची आणि पुढं उलटी पाडायची. ती पडताना दट्ट्याला पुढं ओढून नेते, स्प्रिंग दबते. नळी परत जागेवर बसवून चाप ओढला की दट्ट्या उलटा, मुठीच्या दिशेनं, मागं धावतो आणि दाबलेली हवा मागच्या छिद्रातून वर चढून छऱ्याला पुढं फेकते. दट्ट्या मागं जातो आणि छरा पुढं. पिस्तूल जेमतेम साडेआठ इंचांचं राहिलं, आणि दिसायला त्या काळच्या स्वयंचलित पिस्तुलाचा सख्खा भाऊ. १९२४ साली ते ‘मार्क वन’ या नावानं विकायला आलं.

इंग्लंडातली पोरं परसात डबे पाडायला हे पिस्तूल घेत होती, तेव्हा आपल्याकडं पिस्तुलाच्या नुसत्या आकृतीला वेगळं वजन होतं. लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्यानं हिंदी माणूस निःशस्त्र केला होता. १९०९ मध्ये लंडनच्या इंडिया हाउसमधून चतुर्भुज अमीनच्या पेटीत लपवून आणलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं महाराष्ट्रात आली. त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरेनं त्यातल्याच एका पिस्तुलानं कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढं सावरकरांवरच्या खटल्यात या वीस पिस्तुलांचा प्रवास हाच फिर्यादीचा मोठा आधार ठरला. एखादं पिस्तूल कुठल्या खेपेतलं, कुणाच्या हातून कुणाकडं गेलं, हा प्रश्न संग्राहकांच्या कितीतरी आधी हिंदुस्थानच्या पोलिसांनी विचारलेला आहे. फरक एवढाच, की तिथं उत्तरावर माणसाचा जीव टांगलेला होता.

मार्क वनकडं परत येऊ. सुरुवातीच्या पिस्तुलांच्या मुठीला लाकडी पट्ट्या होत्या, नंतर काळं व्हल्कनाइट आलं. नळीचा खटका बदलला, चापाच्या रचनेत सुधारणा झाल्या. हे बदल एका ठरल्या दिवशी भोंगा वाजवून झाले नाहीत. नवा खटका तयार झाला म्हणून जुन्या खटक्यांची पेटी कुणी भंगारात टाकत नसे. बसवणाऱ्या कामगाराच्या हाताशी जे येई ते लागे. जुन्या सांगाड्यावर नवा खटका आणि नव्या सांगाड्यावर जुन्या पट्ट्या असं पिस्तूल आज मिळालं तर ते कुणीतरी जोडतोड करून बनवलेलं असेलच असं नाही, ते तसंच कारखान्यातून बाहेर पडलेलं असू शकतं. त्यात मार्क वनच्या जाहिरातीतलं एक वैशिष्ट्य म्हणजे नळी बदलता येणं. ०.१७७ इंचाची नळी काढून ०.२२ ची बसवा, एका सांगाड्यात दोन पिस्तुलं. ग्राहकाची चैन झाली आणि पुढच्या अभ्यासकाची पंचाईत. सांगाडा १९२६ चा आणि नळी १९३२ ची, असा संसार अगदी कायदेशीर आहे. म्हणून नुसता एक ठसा पाहून ‘हा अमुक प्रकार’ असं सांगणारा माणूस मला संशयास्पद वाटतो.

१९२५ मध्ये नेमबाजीसाठी ‘मार्क टू टार्गेट’ आलं. १९२९ मध्ये ‘ज्युनियर’ आलं ते पोरांच्या खिशाकडं पाहून. मुठीला पत्र्याच्या पट्ट्या, नळी आतून गुळगुळीत, आटे नाहीत. दुसऱ्याच वर्षी ‘सीनियर’. हे पिस्तूल घराण्याचा कर्ता ठरलं, १९६४ पर्यंत टिकलं, आणि त्याचा खटका रिकिबीसारखा दिसे. सुरुवातीचं सीनियर सरळ मुठीचं, म्हणजे मूठ नळीशी जवळपास काटकोनात. १९३५ च्या सुमारास मूठ कलती झाली. हात नैसर्गिकपणे जसा पुढं येतो तसा कल दिला की नेम धरायला मनगट मोडावं लागत नाही, एवढंच कारण. आज मात्र ‘सरळ मुठीचं’ आणि ‘कलत्या मुठीचं’ ही संग्राहकांच्या बोलण्यातली पहिली विभागणी आहे आणि किमती त्यावर हलतात. दोन वीत अंतरावरून ओळखू येणारा हा एकच फरक, म्हणूनच बहुधा त्याचं एवढं प्रस्थ.

मग दुसरं महायुद्ध. कारखाना पुन्हा फौजेच्या कामाला जुंपला आणि हवेची पिस्तुलं बंद पडली. युद्धानंतर ती परत सुरू झाली तेव्हा क्रमांकांची शिस्त सैल झाली होती. युद्धानंतरच्या बऱ्याच पिस्तुलांवर प्रत्येकाचा स्वतंत्र क्रमांक नसून खेपेचा क्रमांक आहे. एकाच क्रमांकाची अनेक पिस्तुलं असू शकतात, त्यात बनावट काही नाही. उलट पत्ता उपयोगी पडतो. वीमन स्ट्रीट हा भाग टपालाच्या ‘बर्मिंगहॅम ४’ विभागातला. १९५० चं दशक संपता संपता कंपनी हँड्सवर्थमधल्या पार्क लेनला गेली. तेव्हा पिस्तुलावर ‘बर्मिंगहॅम ४’ कोरलेलं असेल तर त्याचा आराखडा तरी स्थलांतराआधीचा. पोस्टखात्यानं आपली चिठ्ठ्या वाटण्याची सोय केली आणि नकळत इतिहासाची सोय झाली.

१९६४ मध्ये सीनियरच्या जागी ‘प्रीमियर’ आलं आणि इथं प्रथमच कारखान्यानं अभ्यासकाला हात दिला. फरक झाला की मालिकेचं अक्षर बदलायचं आणि ते अंगावर ठोकायचं. ए पासून एफ पर्यंत ही अक्षरं आहेत. संग्राहकांत प्रीमियरच्या वाट्याला थोडी तुच्छता येते ती बहुधा यामुळंच. कोडंच उरत नाही. पुढची ‘हरिकेन’ आणि ‘टेम्पेस्ट’, अनुक्रमे १९७५ आणि १९७९ ची, मिश्रधातूच्या ओतीव अंगाची आहेत. पोलादाचा निळसर रंग जाऊन काळा लेप आला. १९७९ मध्येच वेब्लेनं खऱ्या बंदुका बनवणं सोडून दिलं. हवेचा माल तेवढा उरला, आणि २००५ च्या अखेरीस तोही कारखाना बंद झाला. नंतर टेम्पेस्ट तुर्कस्तानात बनू लागलं. पिस्तुलावर नाव तेच, वंश तोच, फक्त गाव बदललेलं.

जर्मनांची कथा याहून गमतीची आहे, कारण तिथं वस्तू एकच राहून नावं बदलत गेली. राश्टाटच्या मायर आणि ग्रामेलश्पाखर यांनी १८९० साली काढलेला कारखाना ‘डायना’ या नावानं ओळखला जाई. त्यांच्या चिन्हातली शिकारीची देवी धनुष्य टाकून देऊन हातात हवेची बंदूक उंचावून उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरला आणि भरपाई म्हणून या कारखान्याची यंत्रं आणि खुद्द ‘डायना’ हे नाव स्कॉटलंडच्या मिलार्ड ब्रदर्सकडं गेलं. मदरवेल गावी स्कॉटिश ‘डायना’ बनू लागल्या. मूळ मालक पुन्हा उभे राहिले तेव्हा ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरायची त्यांना चोरी. त्यांनी तिथं आपला माल ‘ओरिजिनल’ या नावानं विकला. यातला टोमणा स्कॉटलंडपर्यंत पोचला असणारच. नाव परत मिळायला १९८० चं दशक उजाडलं. अमेरिकेत हीच पिस्तुलं विंचेस्टरनं काही वर्षं स्वतःच्या नावानं विकली. विंचेस्टर ३५३ म्हणजे डायनाचं मॉडेल ५, आणि ३६३ म्हणजे मॉडेल ६. ज्यांना हे माहीत नाही ते एकच पिस्तूल तीन नावांनी तीनदा विकत घेतात. जर्मन कारखान्याची एक चांगली खोड म्हणजे बनवल्याचा महिना आणि साल यांचा बारीक ठसा. तो सापडला की अर्धी चर्चा तिथंच संपते.

मॉडेल ६ वर थोडं थांबायला हवं. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा मोठा दोष म्हणजे छरा नळीतून बाहेर पडण्याआधीच दट्ट्याचा धक्का हाताला बसतो आणि नेम हलतो. मॉडेल ६ मधल्या रचनेत कुर्ट गीस यानं दोन दट्टे परस्परविरुद्ध दिशांना पळवले. एकाचा धक्का दुसऱ्यानं खाल्ला. फाइनवेर्कबाउनं १९६५ मध्ये आपल्या मॉडेल ६५ मध्ये वेगळा मार्ग काढला. नळी आणि नळकांडं मिळून मागं सरकतात आणि धक्का मुठीपर्यंत येतच नाही. चाप ५०० ग्रॅमचा हवा की १३६० ग्रॅमचा, हे ठरवायला त्यात एक छोटी कळ होती, म्हणजे मोठ्या पिस्तुलाचा सरावही याच पिस्तुलावर. १९७० साली दहा मीटर एअर पिस्तूल जागतिक स्पर्धेत आलं आणि १९८८ ला सोलमध्ये ऑलिंपिकमध्ये. वेब्लेची शर्यत तिथं संपली होती. परसातलं खेळणं एकीकडं राहिलं आणि स्पर्धेचं यंत्र दुसरीकडं गेलं.

फार महाग विकलं गेलेलं एक हवेचं पिस्तूल मात्र नेमबाजाच्या हातातलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड हर्न हा छायाचित्रकार शॉन कॉनरीचे बाँडपटासाठी फोटो काढायला बसला तेव्हा बाँडचं ठरलेलं वाल्थर पीपीके कुणी आणलंच नव्हतं. हर्नकडं स्वतःचं नेम मारायचं वाल्थर एलपी ५३ होतं. तेच कॉनरीच्या हातात दिलं. लांब नळीचं ते पिस्तूल छातीशी धरलेला बाँड जगभरच्या भिंतींवर लागला. ज्याला मारायचा परवाना होता तो छऱ्याचं पिस्तूल घेऊन उभा आहे, हे फारच थोड्यांच्या लक्षात आलं. २०१० मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ते २,७७,२५० पौंडांना गेलं. एलपी ५३ चे प्रकार ओळखणं तुलनेनं सोपं. सुरुवातीचं अंग गुळगुळीत, निळसर आणि मूठ बाकदार, नंतरचं अंग सुरकुत्या पडल्यासारख्या काळ्या लेपाचं आणि मूठ सरळ. दट्ट्या मुठीतच असल्यामुळं मूठ जाडजूड.

या सगळ्याचा अभ्यास करणारे फार मोठे विद्वान होते असंही नाही. अमेरिकेत डब्ल्यू. एच. बी. स्मिथनं १९५७ मध्ये जगभरच्या हवेच्या हत्यारांचं पहिलं मोठं पुस्तक केलं. ब्रिटनमध्ये डेनिस हिलरनं संग्राहकांसाठी हवेच्या पिस्तुलांची मार्गदर्शिका लिहिली. गॉर्डन ब्रूसनं वेब्लेच्या हवेच्या पिस्तुलांचा सविस्तर इतिहास मांडला. मालिकांची आज तोंडी असलेली बरीच विभागणी अशा ग्रंथांतून आलेली आहे. वीमन स्ट्रीटच्या कारागिराला आपण ‘तिसऱ्या मालिकेचं’ पिस्तूल बसवतोय हे सांगितलं असतं तर तो चक्रावला असता.

भारतात काय झालं? १९४७ नंतर आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी हवेच्या हत्यारांची वाट अरुंद झाली. ती जागा देशी मालानं घेतली. वालचंद आणि रतनचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेली इंडियन ह्यूम पाइप ही पाण्याचे नळ बनवणारी कंपनी. तिनं ‘आयएचपी’ नावाची हवेची बंदूक काढली, जर्मन डायना ३५ च्या धर्तीवर. आज जुन्या बंदुकांच्या भारतीय शौकिनांत तिचं नाव आदरानं घेतलं जातं. बाकी छोट्या कारखान्यांनी डायनाच्या नकला केल्या, त्यातल्याच आपल्या जत्रेत फुगे फोडतात. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवख्या नेमबाजांची पहिली मोठी परीक्षा असते. पण संघटनेचं लक्ष स्पर्धेवर, आणि ते बरोबरच आहे. देशी हवेच्या हत्यारांची हिलरसारखी यादी कुणी केली तर ती पुण्याई ठरेल.

राहिला कायदा, आणि वऱ्हाडातल्या कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असं पिस्तूल निघालं तर तो सर्वांत आधी पाहावा लागतो. १९६२ च्या शस्त्र नियमांत हवेच्या हत्यारांची परीक्षा लाकडानं होत असे. मऊ लाकडाच्या एक इंच जाडीच्या फळीतून छरा आरपार जातो का, हा प्रश्न. २०१६ च्या नव्या नियमांनी फळी बाजूला ठेवली आणि दोन आकडे आणले. नळीतून बाहेर पडताना २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं छिद्र असेल तर परवाना. याचा एक विचित्र परिणाम म्हणजे जुन्या वेब्ले सीनियरची ऊर्जा पाच ज्यूलच्या आतच असली तरी नळी ०.२२ ची असेल तर ते परवान्याच्या कक्षेत येतं, आणि त्याच सांगाड्यावर ०.१७७ ची नळी असेल तर येत नाही. इंग्लंडात ज्या फरकावर फारशी कुणाची झोप उडत नाही, तोच इथं निर्णायक.

म्हणून ट्रंकेतलं पिस्तूल हाती आलं तर ते ब्रासोनं घासायचं नाही, नवा रंग द्यायचा नाही, गंजलेला स्क्रू बदलायचा नाही. मुळातला मळ काढला की ठसेही जातात. आत चामडी वॉशर असेल तर तो वाळलेला असतो, स्प्रिंग दाबून पाहायचा मोहही टाळायचा, कारण कोरडा दट्ट्या धातूवर आपटतो. कापडानं पुसून उजेडात आधी नळीचं छिद्र पाहायचं. ५.५ मिलिमीटर, म्हणजे ०.२२, निघालं तर पहिल्यांदा पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात चौकशी करायची, मुठीचा कल मग मोजता येतो.